फियाट ११०० ची पुनर्बांधणी: मूळ भाग आणि नव्याने बनवलेले भाग यांविषयी सविस्तर अभिप्राय

फोंड्यात असलेल्या माझ्या १९६६ सालच्या फियाट ११०० डिलाइटचे काम पूर्ण होऊन तिने आता एक संपूर्ण पावसाळा काढला आहे. तिच्यात बसवलेल्या सुट्या भागांविषयी लिहिण्यासाठी मी पावसाळा संपण्याची वाट पाहिली, कारण दुकानातून आणलेला भाग पहिल्या दिवशी चांगलाच दिसतो आणि गाडीत नव्या रंगाच्या शेजारी बसला की अधिकच चांगला दिसतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. किनाऱ्याकडची खारी, दमट हवा आतपर्यंत पोचते, आणि पाऊस सरला की ऑक्टोबरचे ऊन रबराची व रंगाची परीक्षा घेते. देशावर वर्षानुवर्षे लखलखणारी दाराची मूठ येथे एका श्रावणात डाग धरते. त्यामुळे मूळ भाग घ्यावा की नव्याने बनवलेला, या वादातले माझे मत या हवेने घडवलेले आहे. माझ्या मते प्रत्येक भागाबाबत एकच गोष्ट आधी पाहावी: तो भाग नुसता पडून राहिल्याने म्हातारा होतो का? होत असेल, तर तो कितीही अस्सल असला तरी गाडीत घालू नये. होत नसेल, तर नव्या नकलेपेक्षा खराब झालेला मूळ भाग दुरुस्त करून वापरावा, मग त्याला वेळ आणि पैसा थोडा जास्त लागला तरी चालेल.

भागांच्या परीक्षणाकडे वळण्यापूर्वी बाजारात नेमके काय मिळते ते सांगणे आवश्यक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही ११०० डी, म्हणजेच डिलाइट, १९६४ पासून तयार होऊ लागली. तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने, किरकोळ बदल होत, शतकाच्या अखेरीपर्यंत विकली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) शेवटपर्यंत कायम राहिला. एवढ्या दीर्घ उत्पादनामुळे विक्रेते ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणतात त्या मालात बराच फरक असतो. पहिला माल साठच्या दशकातला, ज्यात इटलीहून आलेल्या भागांचे प्रमाण बरेच होते. दुसरा माल कंपनीचाच, पण ऐंशी-नव्वदच्या दशकातील पद्मिनीसाठी काढलेला. तो बसतो, पण १९६६ च्या गाडीवर डोळ्यांना खटकतो. तिसरा माल टॅक्सीवाल्यांसाठी देशभरातल्या लहान कारखान्यांनी बनवलेला. चौथा, अलीकडचा, हौशी लोकांसाठी मुद्दाम नव्याने तयार केलेला. विक्रेत्याच्या तोंडी पहिल्या तिघांचे नाव एकच असते आणि भावही बहुधा एकच सांगितला जातो.

यातल्या तिसऱ्या प्रकाराविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या पाहण्यात सर्वाधिक दुकाने आजही याच मालाने भरलेली आहेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला लागणारा भाग उद्या सकाळच्या पाळीसाठी हवा असे. तो स्वस्त असावा, लगेच मिळावा आणि वर्षभर चालावा, एवढीच अपेक्षा होती. ती त्या मालाने प्रामाणिकपणे पूर्ण केली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि या मालाचे गिऱ्हाईक संपले. आता तोच साठा ‘जुना, न वापरलेला’ म्हणून हौशी मालकांना दुप्पट-तिप्पट भावात विकला जातो. जुनेपणामुळे त्याची मूळची प्रत सुधारलेली नाही, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

सर्वांत आधी रबर, कारण गोव्यात जुन्या गाडीचा नाश बहुतेक वेळा रबरापासून सुरू होतो. काचेभोवतीचे बीडिंग, म्हणजे रबरी पट्टी, कडक झाले की त्याच्या कोपऱ्यातून पाणी आत झिरपते, ते गालिच्याखाली साचते आणि पत्रा आतून खाते. मालकाला ते कळते तेव्हा तळाचा पत्रा बोटाने दाबला तरी खाली जातो. मुंबईहून मी पुढच्या काचेचे एक मूळ बीडिंग मागवले होते. ते कंपनीच्या कागदात गुंडाळलेले, न वापरलेले आणि दिसायला निर्दोष होते. अंगठ्यावर वाकवले तेव्हा बाहेरच्या कडेला केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने झिजते, आणि ही झीज कपाटातही थांबत नाही. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचे रबर वापरलेले नसले तरी साठ वर्षांचेच असते. ते मी परत केले, आणि विक्रेत्याने ते परत घेतले हेही नोंदवतो.

नव्या रबरातही मोठी तफावत आहे. बाहेरच्या बीडिंगसाठी ईपीडीएम जातीचे रबर योग्य, कारण ऊन, पाऊस आणि ओझोन यांना ते उत्तम तोंड देते. मात्र पेट्रोल आणि तेल यांच्याशी त्याचे जमत नाही, म्हणून टाकीच्या तोंडाशी किंवा इंजिनाजवळ नायट्राइल रबरच हवे. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांवर जात लिहिलेली नसते आणि विचारले तर प्रत्येक विक्रेता होकारच देतो. म्हणून मी तीन ठिकाणचे नमुने आणून, त्यांची वेटोळी करून, तारेने बांधून मे महिन्यात गच्चीवर टांगून ठेवली. त्यांपैकी एकावर, जे हाताला सर्वांत मऊ आणि म्हणून सर्वांत चांगले वाटले होते, पहिल्या पावसाच्या आधीच वाकलेल्या बाजूला चिरा आल्या. दुसरे टिकले, पण त्याने तारेच्या आजूबाजूला काळा डाग सोडला; असे रबर फिकट रंगाच्या गाडीवर लावणे म्हणजे दर धुण्याला काळे ओघळ पत्करणे. तिसरे पावसाळाभर जसेच्या तसे राहिले. ते सर्वांत महाग होते आणि इटलीत बनलेले होते. इटलीत या मॉडेलची रबरे आजही नव्याने तयार होतात. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत जड वाटते, तरी पुढच्या-मागच्या काचांसाठी आणि दारांसाठी मी तीच घेतली आणि पावसाळ्यानंतर गाडीचा तळ कोरडा आहे.

पुढच्या दारांतील लहान तिरप्या काचेचे, म्हणजे क्वार्टर ग्लासचे, रबर हा स्वतंत्र विषय आहे. मूळ रबर साच्यात ओतलेले, एकसंध आणि कोपऱ्यावर गोलाई घेतलेले असे. देशी नकलेत सरळ पट्टी कापून कोपरा डिंकाने जोडलेला असतो. तो जोड पहिल्या काही आठवड्यांत पकडून राहतो, पण काच दररोज उघडली-मिटली की कोपऱ्यावरच ताण येतो, आणि पाणी नेमके तेथूनच दाराच्या पोटात उतरते. हे एक रबर घेताना पैशाकडे अजिबात पाहू नये. दुकानात ते हातात घेऊन कोपरा आतल्या बाजूने उलटवावा. जोडाची रेघ दिसली तर ते तेथेच ठेवून निघावे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र अस्सलपणाचा आग्रह मला धोक्याचा वाटतो. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि हायड्रॉलिक यंत्रणा सारी रबरी कपांवर चालते. न वापरलेले मूळ व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे सिलिंडर) डबाबंद मिळतात, पण त्यांच्या आतले कप कडक झालेले असतात आणि बिडाच्या भिंतीवर ओलाव्याने बारीक खड्डे पडलेले असतात. दुसरीकडे नव्याने बनवलेल्या सिलिंडरांत ओतकाम सच्छिद्र निघण्याचा अनुभव आला. एका सिलिंडरच्या अंगातून, जोडातून नव्हे, ब्रेक ऑइल घाम फुटल्यासारखे पाझरत होते. यावर जे सर्वांत समाधानकारक ठरले ते असे: गाडीचेच मूळ सिलिंडर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बोअर करून त्यांत स्टेनलेस स्टीलची नळी बसवून घेतली आणि कप, धूळरोधक टोप्या व होज मात्र नामांकित कारखान्याचे, उत्पादनाची तारीख पाहून, नवे घेतले. बाह्यांग मूळ, आतला पृष्ठभाग न गंजणारा आणि रबर ताजे, अशी ही जोड आहे. अनमोड घाट उतरताना ब्रेक सरळ रेषेत लागतात आणि पेडल शेवटपर्यंत घट्ट राहते.

ब्रेक लायनिंगविषयी, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तराविषयी, तर कोणताही संशय ठेवू नये. त्या काळच्या मूळ लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांसाठी घातक आहे आणि ड्रम उघडून हवा मारण्याची आपल्या गॅरेजमधली सवय पाहता धोका मालकापेक्षा मेस्ताला, म्हणजे कारागिराला, आणि त्याच्या हाताखालच्या पोरांना जास्त आहे. ॲस्बेस्टॉसविरहित नवे लायनिंग जुन्या ब्रेक-शूंवर चढवून घ्यावे. जुने काढताना ड्रम ओल्या फडक्याने पुसावेत. टायरबाबतही हेच: बाजूवरच्या चार आकडी तारखेत आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचावे आणि जुना साठा कितीही कोरा दिसला तरी नाकारावा.

आता पत्रा. येथे माझे मत नेमके उलट्या दिशेने जाते. ही गाडी वेगळ्या चासीवर बांधलेली नाही. तिचे अंगच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे दाराखालची सिल ही शोभेची पट्टी नसून गाडीचा कणा आहे. माझ्या गाडीच्या सिलच्या शाबूत भागाची जाडी मायक्रोमीटरने मोजली तेव्हा ०.९ मिलिमीटर भरली. नव्याने बनवून विकली जाणारी सिल ०.७ मिलिमीटरची निघाली. हाताने दाबून हा फरक कळत नाही, पण वेल्डिंग करताना कळतो, कारण पातळ पत्रा लगेच जळतो आणि तापून वेडावाकडा होतो. पुढे दारे बंद होताना तो पुन्हा जाणवतो, कारण जॅक लावला की दारांच्या फटी बदलू लागतात. नकलेचा दुसरा दोष घडणीचा आहे. कारखान्यातला पत्रा जड प्रेसमध्ये एका दाबाने घडलेला असे, तर आजची नक्कल हाताच्या मशीनवर घडी पाडून केलेली असते. परिणामी सरळ कडा बऱ्या निघतात, पण मागच्या मडगार्डवरची पंखासारखी उठलेली कड, जिच्यामुळे ११०० डी दुरून ओळखू येते, ती बोथट होते. मग पेंटर ती पुट्टीने घडवतो. पुट्टी ओलावा धरते, आणि गोव्यात जाड पुट्टीवरचा रंग दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात फुगतो.

म्हणून भंगारातल्या पद्मिनीचा पत्रा कापून आणणे हे, पाहिजे तो भाग शाबूत असेल तर, नव्या पॅनेलपेक्षा केव्हाही सरस. टॅक्सी भंगारात जात होत्या तोपर्यंत हे सोपे होते. आता अशा गाड्या दुर्मिळ झाल्या आहेत आणि किनारपट्टीवरच्या गाडीचा खालचा भाग बहुधा गेलेलाच असतो. माझ्या गाडीसाठी मागच्या मडगार्डचा तुकडा बेळगावकडून आला, घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेतला असल्याने तो आतूनही स्वच्छ होता. सिल मात्र तशी मिळाली नाही, तेव्हा तयार नक्कल घेण्याऐवजी योग्य जाडीचा सीआरसी (थंड अवस्थेत लाटलेला पोलादी) पत्रा आणून डिचोलीच्या एका टिनकाम करणाऱ्या मेस्ताकडून, जुनी सिल समोर ठेवून, नवी घडवून घेतली. काम संथ झाले. पण पत्र्याची जाडी आपल्या हातात राहिली, आणि सिलच्या पोटात पाणी निथळण्यासाठी असलेली मूळ छिद्रे, जी तयार नकलेत मुळीच नव्हती, ती आपल्या जागी आली. ही छिद्रे नसलेली सिल गोव्यातल्या कुणीही बसवू नये. पाऊस आत साचेल आणि नवा पत्रा जुन्यापेक्षा लवकर जाईल.

क्रोमच्या भागांकडे बहुतेक लोक सर्वांत आधी पाहतात आणि विक्रेतेही तेच पुढे करतात. क्रोमची चकाकी फसवी असते. शोभेच्या कामात क्रोमचा वरचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंजापासून बचाव करतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर, आणि त्याच्याही खाली तांब्याचा. निकेल किती जाड दिले आहे यावर बंपर किती पावसाळे काढील हे ठरते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नव्याने बनवलेला बंपर बसवलेली एक ओळखीची गाडी म्हापशात आहे. गणेश चतुर्थीपर्यंत तिच्या बंपरच्या आतल्या घडीतून तपकिरी ठिपके वर आले. मी माझे मूळ बंपर ठोकून सरळ करवून घेतले, त्यांचे जुने लेपन उतरवले आणि तांबे, निकेल, क्रोम असा पूर्ण क्रम लावून घेतला. मूळ बंपरचा पोलाद जाड असल्याने पॉलिश करताना खड्डे घासून काढण्यास वाव असतो. पातळ नकलेत तो नसतो. बंपरची आतली बाजू लेपनात नेहमी उपेक्षित राहते, तेथे झिंकयुक्त प्राइमर आणि रंग लावल्याशिवाय गाडीवर चढवू नये.

दाराच्या मुठींची गोष्ट अवघड आहे, आणि येथे मला नकलेच्या बाजूनेही बोलावे लागते. मूळ मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव आहेत. त्यांच्यावर फोड आले की ते आतून आलेले असतात, आणि लेपन उतरवल्यावर धातू चाळणीसारखा दिसतो. चांगला कारागीर प्रत्येक खड्डा भरून, तांबे चढवून, घासून, पुन्हा चढवून मूठ वाचवू शकतो. पण असा कारागीर मिळेपर्यंत आणि त्याची मजुरी पाहता, नवी मूठ घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. नव्या मुठीत दोन गोष्टी तपासाव्यात: बटणाचा दाब सहज आणि पूर्ण परततो का, आणि किल्लीचे कुलूप दुसऱ्या दारालाही त्याच किल्लीने चालते का. माझ्या हाती आलेल्या नकलेत बटण अर्ध्यात अडकत होते, स्प्रिंग बदलल्यावर ते ठीक झाले.

विजेच्या भागांत लुकास-टीव्हीएसचा मूळ डायनॅमो आणि स्टार्टर यांना तोड नाही. तांब्याची वेटोळी पुन्हा भरता येतात, बुश बदलता येतात, कार्बन ब्रश आजही मिळतात. हा असा भाग आहे की जो पडून राहिल्याने फारसा म्हातारा होत नाही. पुष्कळ मालक आता डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारे नव्या पद्धतीचे यंत्र, बसवतात. रोज वापरायच्या गाडीला ते सोयीचे आहे हे मान्य, पण बॉनेट उघडल्यावर या गाडीचा चेहरा बदलतो, आणि पावसात रात्री लांबचा प्रवास न करणाऱ्याला त्याची गरज नसते.

डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या यंत्राच्या, आतले लहान भाग मात्र जास्त त्रास देतात. कंडेन्सर हा सर्वांत फसवा भाग: मूळ असेल तर आतला कागद ओलावा पिऊन बसलेला असतो, आणि नवा स्वस्त असेल तर इंजिन तापले की तो दगा देतो. दोन्ही बाबतींत लक्षण एकच, म्हणजे थंड इंजिन सुरळीत आणि अर्ध्या तासाने गाडी रस्त्यात बंद. मीटरवर त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास आहे का, आणि केस सुकवायच्या यंत्राने गरम केल्यावरही ती स्थिर राहते का, हे पाहून मगच बसवावा आणि एक तपासलेला जादा गाडीत ठेवावा. डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी पुढे देणाऱ्या नव्या रोटरविषयीही सावध असावे. काही नकलांच्या काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन इतका असतो की ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी रोटरच्या अंगातून शाफ्टकडे पळते. मूळ बेकेलाइटचा रोटर तडा नसेल तर जपून ठेवावा.

पेट्रोलच्या यंत्रणेबाबत निर्णय इंधनाने आधीच घेऊन टाकला आहे. आज देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, जुने रबर फुगवते आणि जस्ताच्या मिश्रधातूला पांढरी बुरशी आल्यासारखा गंज चढवते. अशा स्थितीत मूळ होज आणि पंपाचा मूळ पडदा यांना गाडीत जागा नाही. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे नवे भागच घालावेत, आणि होजवर तसे छापलेले असावे. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या सोलेक्स कार्बोरेटरचे अंग मात्र मूळच ठेवावे. नव्या नकलेत थ्रॉटलचा शाफ्ट सैल असतो आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची संथ चाल, कधीच स्थिर होत नाही, तर मूळ कार्बोरेटरला नवा शाफ्ट, नवे पितळी बुश आणि नव्या गॅस्केटचा संच मिळाला की तो पुन्हा उत्तम चालतो. गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचे भांडे रिकामे करावे.

बेअरिंगसाठी जुन्या साठ्याच्या मागे लागण्याचे कारणच नाही. अंगावरचा क्रमांक वाचावा आणि त्याच क्रमांकाचे नामांकित कंपनीचे आजचे बेअरिंग घ्यावे. मापे जगभर ठरलेली आहेत. पिस्टन आणि रिंगांचेही तसेच, मात्र बोअर करण्याआधी पिस्टन हातात घेऊन मोजावेत आणि बोअर त्यांच्या मापाने करावा.

स्टिअरिंगवरच्या गिअरचे, आपल्याकडे ज्याला हँड गिअर म्हणतात त्याचे, सांधे हे या गाडीचे जुने दुखणे. त्यातल्या लहान बुशांची टॅक्सीसाठी बनलेली नक्कल इतक्या मऊ प्लास्टिकची आहे की काही महिन्यांत दुसरा गिअर शोधावा लागतो. ते बुश पितळेचे किंवा कडक नायलॉनचे लेथवर करून घ्यावेत. माझे कुंडईच्या एका वर्कशॉपमध्ये झाले आणि गिअर आता बोटाने पडतो. किंगपिनचा (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीचा) नवा संच घेण्यास हरकत नाही, पण बुश रीमरने (भोक नेमक्या मापाला घासणाऱ्या हत्याराने) योग्य मापाला आणणारा माणूस असेल तरच. संच चांगला आणि रीमिंग वाईट, अशी स्थिती असेल तर स्टिअरिंग जड होते आणि दोष विनाकारण भागाला दिला जातो.

खरेदीविषयी एवढेच सांगतो की डब्यावर विश्वास ठेवू नये. नामांकित नावाच्या नव्या कोऱ्या छपाईच्या डब्यात निनावी माल मला एका दुकानात मिळाला; दुकानदाराने तो बदलून दिला नाही. भागाच्या अंगावरचा ओतीव शिक्का पाहावा. ओतताना उमटलेल्या शिक्क्याच्या कडा किंचित गोल असतात, नंतर पंच केलेल्या शिक्क्याभोवती धातू उचललेला दिसतो. शक्य असेल तेव्हा गाडीवरचा जुना भाग सोबत न्यावा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून वजन करावे. हलका निघाला तर कारण विचारावे.

कोणते भाग बदलले याची नोंद ठेवण्याचा आग्रह मी सर्वांनाच करीन. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाच्या ट्युरिन सनदेत बदललेल्या भागांवर कायमस्वरूपी, सहज कळेल अशी खूण करावी असे म्हटले आहे, आणि ही सूचना मला अत्यंत योग्य वाटते. माझ्या गाडीच्या नव्या सिलवर आणि मडगार्डच्या जोडावर आतल्या बाजूने वर्ष पंच केलेले आहे, जेणेकरून पुढच्या मालकाला कुर्ल्याचे काम कोणते आणि डिचोलीचे कोणते हे विचारावे लागू नये. काढलेले मूळ भागही चिठ्ठी लावून ठेवले आहेत.

याला कायद्याची बाजूही आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. अशी नोंदणी करू इच्छिणाऱ्याने इंजिन बदलण्याचा किंवा अंगाला नवे रूप देण्याचा मोह टाळावा, आणि कामाची छायाचित्रे, जुन्या-नव्या भागांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

बाजारात एक नक्कल अशी आहे की जिची प्रत उत्तम आहे आणि तरीही ती कुणी घेऊ नये, असे मी म्हणेन: चासी क्रमांकाची नवी कोरी पट्टी. अक्षरांचे वळण, रिव्हेट, पार्श्वभूमीचा रंग, सारे हुबेहूब असते आणि विक्रेता हवा तो क्रमांक ठोकून देतो. मूळ पट्टी गंजलेली, वाचता न येणारी असेल तर ती तशीच ठेवून नोंदणी कार्यालयाकडून रीतसर क्रमांक पुन्हा उमटवून घ्यावा. माझ्या गाडीची पट्टी अर्धी झिजलेली आहे. रंगकाम करताना ती झाकून घेतली होती आणि आजही ती त्याच जागी, त्याच रिव्हेटांवर आहे.